सायकल दुरुस्तीला दिलीत? मग बुर्गोस पाहून घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत उत्तर स्पेनमधल्या ‘कामिनो दे सांतियागो’ या यात्रामार्गावर सायकलनं जाण्याविषयी आलेला लेख वाचला. माहिती चांगली आहे, पण वाटेत सायकल बिघडली तर वेळ न घालवता बसनं पुढचं मोठं शहर गाठावं, हा त्यातला सल्ला चुकीचा वाटतो. आपल्याकडून दरवर्षी काही मंडळी सायकल घेऊन त्या वाटेला जातात, म्हणून हे सविस्तर पत्र.

बसवाले सहसा सायकल आहे तशी घेत नाहीत. पेडल काढा, हँडल आडवं करा, बॅगेत भरा, आणि डिकीत जागा असेल तरच ती जाणार. म्हणजे आधीच आजारी असलेली सायकल खोलायची, लिओन या पुढच्या मोठ्या शहरात उतरून पुन्हा जोडायची आणि तिथल्या मेकॅनिककडे नव्यानं नंबर लावायचा. दिवस गेला तो गेलाच, वर वाटेतलं बुर्गोस हे जुनं शहरही पाहायचं राहिलं. फ्रान्सच्या सीमेजवळच्या रोन्सेस्वायेसहून निघालेला सायकलस्वार साधारण 285 किलोमीटरवर बुर्गोसला पोचतो. तिथून लिओनपर्यंत 180 किलोमीटरचं मेसेता, म्हणजे उघडं, गव्हाच्या शेतांचं पठार. त्या पठारावरच्या कार्रियोन गावाच्या पुढे तर 17 किलोमीटर एकही गाव लागत नाही. चेन करकरत असेल, मागच्या चाकाला आऊट आला (चाक वाकडं फिरत) असेल, ब्रेक पॅड तळाला गेले असतील, तर ते काम बुर्गोसमध्येच करून घ्यावं. बिघाड झालेला नसला तरीही इथे एकदा तपासणी करावी, असं आम्ही म्हणू.

आता वेळेचं गणित. सायकल दुरुस्तीच्या दुकानाला तिकडे ‘ताय्येर’ म्हणतात. बहुतेक ताय्येर सकाळी दहाच्या सुमारास उघडतात, दुपारी दीड-दोनला बंद होतात आणि पाचला पुन्हा उघडून आठपर्यंत चालतात. शनिवारी फक्त सकाळ, रविवारी कुलूप. दुपारी तीनला फुटलेलं चाक घेऊन दारात गेलात तर दोन तास पायरीवर बसावं लागेल. सर्वांत वाईट वेळ शनिवारी दुपारी तीनची, कारण मग सायकल सोमवारी सकाळीच हातात घेतली जाते, आणि सोमवारी तिथली मोठी संग्रहालयं बंद असतात. त्यात जूनच्या अखेरीस शहरात संत पेद्रो आणि संत पाब्लोचा उत्सव असतो, 15 ऑगस्टला देशभर सुट्टी, 23 एप्रिलला प्रांताची. या दिवसांच्या आगेमागे जाणार असाल तर एक दिवस राखून ठेवा.

सायकल देताना ‘सगळं एकदा बघून घ्या’ असं सांगू नका. त्याचा अर्थ पूर्ण सर्व्हिसिंग असा होतो आणि सायकल आठवड्याच्या रांगेत लागते. नेमकं काय मोडलंय ते बोटानं दाखवून सांगितलं, तर दोन मोठ्या कामांच्या मधल्या वेळात मेकॅनिक ते उरकून देतो. पुढचे शब्द पाठच करावेत. स्पोक म्हणजे ‘रादिओ’ (रेडिओलाही हाच शब्द आहे, हसू नका). चेन म्हणजे ‘कादेना’, ट्यूब ‘कामारा’, टायर ‘कुब्येर्ता’, रिम ‘यांता’, ब्रेक पॅड ‘पास्तीयास’, आणि मागचा गिअर ज्या पट्टीवर लटकतो तो हँगर म्हणजे ‘पातीया दे कांबिओ’. तुटलेला म्हणजे ‘रोतो’, मागचं चाक ‘रुएदा त्रासेरा’. खर्चाचा अंदाज मागायचा तर ‘प्रेसुपुएस्तो’. वेळ सांगताना मेकॅनिक ‘सोब्रे लास स्येते’ म्हणाला तर त्याचा अर्थ सातच्या आसपास, ठीक सातला नव्हे. ‘आ उल्तिमा ओरा’ म्हणजे दुकान बंद होण्याच्या बेताला. ‘मान्याना’चा अर्थ उद्या असाही होतो आणि सकाळ असाही, तेव्हा नक्की विचारा. फोन नंबर +91 सकट लिहून द्या आणि व्हॉट्सअ‍ॅपवर कळवायला सांगा. परदेशी नंबर लावायचा तिकडे कंटाळा करतात.

देण्याआधी सायकल धुवा. पेट्रोल पंपावर पाण्याचा फवारा मिळतो, पण तो हबवर (चाकाच्या मध्यावर) आणि बॉटम ब्रॅकेटवर (पेडलच्या आसावर) धरू नका. ग्रीस धुऊन जातं आणि छर्रे कोरडे पडतात. पॅनिअर (कॅरिअरला लटकवायच्या पिशव्या) काढून मुक्कामी ठेवा. मात्र त्यांतून चार वस्तू खिशात किंवा पाठीवरच्या पिशवीत घ्या: पासपोर्ट, यात्रेकरूची ‘क्रेदेन्सियाल’ पुस्तिका, जाकीट आणि साध्या तळव्याचे बूट किंवा सँडल. क्रेदेन्सियाल दाखवली की कॅथीड्रलच्या तिकिटात सवलत मिळते, आणि ती मुक्कामी पॅनिअरमध्ये राहिली तर पूर्ण पैसे मोजावे लागतात. पेडलला अडकणाऱ्या क्लीटचे बूट घालून बुर्गोसच्या गुळगुळीत फरशीवर चालणं म्हणजे श्रावणातल्या शेवाळलेल्या पायरीवर चालणं. आणि जाकीट अशासाठी, की हे शहर समुद्रसपाटीपासून 860 मीटरवर आहे. नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक, असं तिथलेच लोक म्हणतात. जुलैतही संध्याकाळी वारा झोंबतो.

मुक्कामाचीही एक गोम आहे. यात्रेकरूंच्या ‘आल्बेर्गे’मध्ये सहसा एकच रात्र राहू देतात आणि सकाळी आठपर्यंत बाहेर काढतात. दुसरी रात्र आजारी माणसाला मिळते, आजारी सायकलला नाही. शिवाय अनेक ठिकाणी पायी चालणाऱ्यांना आधी जागा देतात आणि सायकलवाल्याला उशिरापर्यंत थांबवतात. काम दुसऱ्या दिवसावर जाणार असं कळलं की लगेच साधं ‘पेन्सिओन’ किंवा ‘ओस्ताल’ (छोटं खासगी लॉज) पाहावं. सामानही तिथेच राहतं.

आता बिघाडांकडे वळू, कारण किती तास फिरायला मिळणार हे त्यावरच ठरतं.

सर्वांत नेहमीचा बिघाड मागच्या चाकाचा स्पोक तुटणं. कॅरिअरवर पंधरा-वीस किलो ओझं असतं, वाट दगडाधोंड्यांची. मागच्या चाकात कॅसेटला (गिअरच्या चकत्यांच्या जुडग्याला) जागा द्यावी लागते, म्हणून उजवीकडचे स्पोक उभट आणि घट्ट असतात, डावीकडचे तिरके आणि सैल. प्रत्येक फेरीला स्पोकचा ताण कमी-जास्त होतो, आणि जिथे तो हबच्या भोकात वाकलेला असतो त्या कोपरातच शेवटी तुटतो. एक तुटला की शेजारच्यांवर भार जातो आणि चाक लचकतं. उजवीकडचा स्पोक बदलायला कॅसेट काढावी लागते. त्याला कॅसेट घट्ट धरणाऱ्या लॉकरिंगची चावी आणि कॅसेट फिरू न देणारं चेन-व्हिप लागतं, परत बसवताना लॉकरिंग 40 न्यूटन-मीटरला आवळतात. म्हणूनच हे काम वाटेत झाडाखाली होत नाही. दुकानात ते अर्ध्या तासाचं असतं. मेकॅनिक चाक स्टँडवर चढवतो, नवा स्पोक घालून निपल (रिमकडच्या टोकाचं छोटं नट) आवळतो, बोटानं जवळचे स्पोक छेडून आवाज जुळवतो, मग आऊट काढतो. पण एकाच चाकाचा हा तिसरा स्पोक असेल, तर बाकीचेही थकलेत असं समजा आणि सगळे, म्हणजे 32 किंवा 36, बदलायला सांगा. त्यात दोन-तीन तास जातात. स्पोकची लांबी मिलिमीटरमध्ये मोजतात आणि दोन मिलिमीटरचा फरकही चालत नाही. तेव्हा निघण्याआधीच आपल्या चाकाचे तीन-चार जादा स्पोक, दोन्ही बाजूंचे, फ्रेमच्या नळीला टेपनं चिकटवून न्यावेत.

दुसरा बिघाड हँगर वाकण्याचा. विमानात खोका आपटला की ही मऊ अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आत वळते. त्याचं लक्षण असं: मागच्या सर्वांत मोठ्या चकतीवर टाकलं की चेन स्पोकमध्ये उडी मारते. थोडी वाकलेली पट्टी दुकानात सरळ करून देतात, पण तडा गेला असेल तर नवीच हवी. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा. भारतात जुळवलेल्या फ्रेमचा बुर्गोसमध्ये मिळेल याची खात्री नाही, आणि मागवायचा तर शुक्रवारी दिलेली ऑर्डर सोमवार-मंगळवारशिवाय येत नाही. पन्नास ग्रॅमही वजन नसलेला हा तुकडा घरूनच न्या.

चेनची तपासणी फूटपट्टीनंही होते. 12 पूर्ण कड्या म्हणजे नव्या चेनमध्ये 12 इंच, 304.8 मिलिमीटर. ही लांबी दीड मिलिमीटरनं वाढली तर अर्धा टक्का झिजली. 11 आणि 12 गिअरच्या कॅसेटवर तेवढी झाली की चेन बदला, जुन्या 8-9 गिअरवर पाऊण टक्क्यापर्यंत चालतं. त्यापुढे गेलेली चेन बदलली तर कॅसेटही बदलावी लागते, नाहीतर नवी चेन चढावर घसरते. हायड्रॉलिक ब्रेकमध्ये मिनरल ऑइल की डॉट फ्लुइड हे सांगता आलं पाहिजे. एकाच्या जागी दुसरं घातलं की आतले रबरी सील फुगतात. टायर हवा असेल तर इंचात सांगू नका, कडेला छापलेले आकडे दाखवा: 37-622, 57-584 असे. आपल्या जुन्या काळ्या सायकलींचा 28 इंची, 635 मिलिमीटर रिमचा टायर तिथे शोधूनही सापडणार नाही.

समजा सकाळी दहाला सायकल दिली आणि सातच्या आसपास मिळेल असं ठरलं. आधी कॅथीड्रलला जा, आणि बाराच्या ठोक्याला आत असा. पश्चिम दाराजवळ उंचावर घड्याळ आहे आणि त्याच्या वर ‘पापामोस्कास’ नावाची लाल अंगरख्यातली अर्धी आकृती. नावाचा अर्थ माशी पकडणारा. दर तासाच्या ठोक्याला तिचा हात हलतो आणि तोंड उघडतं. बाराला बारा वेळा. पाव तासाचे टोल बाजूचा छोटा ‘मार्तिनिय्यो’ देतो. एका तासाला आलेल्यांना एकदाच तोंड उघडलेलं दिसतं आणि ते हिरमुसून जातात.

या इमारतीचा पाया 20 जुलै 1221 रोजी राजा फेर्नांदो तिसरा आणि बिशप मौरिसिओ यांनी घातला. बाहेरून दिसणारे जाळीदार कळस दोनशे वर्षांनंतरचे, जर्मनीतल्या कोलोनहून आलेल्या हुआन दे कोलोनियाचे. त्याच्या मुलानं, सिमोननं, मागच्या बाजूचं ‘कोन्देस्ताब्ले’चं, म्हणजे कास्तिलियाच्या सरसेनापतीचं, चॅपेल बांधलं. त्याच्या छतात आठ टोकांची चांदणी आहे आणि मधली जागा दगडी जाळीची, त्यातून उजेड खाली येतो. सायकलवाल्यानं तिथे दोन मिनिटं मान वर करून उभं राहावं. सायकलच्या चाकात स्पोक सगळीकडून ओढून रिम जागेवर ठेवतात. इथे दगडी फासळ्या एकमेकींना ढकलून छत तोलतात. दोन्हींत एक सुटला की शेजाऱ्यांवर भार जातो. हे नुसतं शब्दात नाही: मधल्या चौकावरचा मूळ घुमट 1539 मध्ये खरोखर कोसळला आणि हुआन दे व्हायेहोनं तो नव्यानं उभारला. त्याच्याच खाली, साध्या दगडी लादीखाली, मध्ययुगीन स्पॅनिश योद्धा एल सिद आणि त्याची पत्नी हिमेना यांचे अवशेष आहेत. ते 1921 मध्ये इथे आणले.

उत्तरेकडच्या दाराकडे जाणारा सोनेरी जिनाही पाहाच. इमारत टेकडीच्या उतारावर आहे, त्यामुळे उत्तरेचा रस्ता आतल्या फरशीपेक्षा कित्येक मीटर वर येतो. ही अडचण दिएगो दे सिलोएनं 1519 ते 1523 मध्ये दोन बाजूंनी उतरणाऱ्या जिन्यानं सोडवली.

दोनला भूक लागेल आणि शहरही जेवायला बसेल. दुपारचं ‘मेनू देल दिया’ घ्यावं: दोन पदार्थ, पाव, पेय आणि गोड, साधारण 13 ते 18 युरोत. बुर्गोसची मोर्सिय्या प्रसिद्ध आहे. डुकराचं रक्त, तांदूळ, कांदा आणि चरबी भरलेलं ते सॉसेज असतं, खाणाऱ्यांनी जरूर खावं. शाकाहारी मंडळींनी मात्र ‘व्हेजितारियानो’ एवढ्यावर विसंबू नये. मसुराच्या आमटीत चोरिझो (डुकराच्या मांसाचं सॉसेज) असतो, लसणाच्या कास्तिलियन सुपात हॅम, आणि ‘एन्सालादा मिक्स्ता’ या निरुपद्रवी नावाच्या सॅलडवर टूना मासा. ‘सिन कार्ने, सिन हामोन, सिन आतुन’ असं तिन्ही सांगा. बटाट्याचं तोर्तिय्या म्हणजे अंड्याचं ऑम्लेटच. अंडंही नको असेल तर इथलं ताजं पांढरं चीज, ‘केसो दे बुर्गोस’, मध आणि अक्रोड घालून मिळतं. आपल्या ताज्या पनीरच्या जवळचं, पण जास्त ओलसर. कॅथीड्रलजवळच्या सोम्ब्रेरेरिया आणि सान लोरेन्सो गल्ल्यांत खाण्याची रांग लागलेली आहे.

जेवणानंतर दुकानं बंद, लहान चर्च बंद. हा वेळ चालण्याचा. सांता मारिया दरवाज्यातून बाहेर पडून आर्लान्थोन नदीकाठच्या एस्पोलोन रस्त्यानं जा. तिथल्या चिनारासारख्या झाडांच्या फांद्या एकमेकींत कलम करून वर मांडव केला आहे. नदीच्या बाजूनं पश्चिमेला रमतगमत गेलं की लास उएल्गासचा मठ येतो. आल्फोन्सो आठवा आणि त्याची इंग्लिश राणी लिओनोर यांनी 1187 मध्ये सिस्टर्सियन या ख्रिस्ती पंथाच्या जोगिणींसाठी तो स्थापला. एकट्यानं हिंडता येत नाही, मार्गदर्शकाबरोबर गटानंच जावं लागतं. दुपारच्या सुट्टीनंतर चारच्या सुमारास फेऱ्या पुन्हा सुरू होतात. सोमवारी बंद, रविवारी दुपारनंतर बंद. आत लाकडी संत सांतियागो बसलेला आहे, हातात तलवार, आणि त्या हाताला सांधे आहेत. राजाला सरदारकी द्यायची तर त्याच्या खांद्यावर तलवार टेकवणारा कोणीतरी हवा, पण राजापेक्षा मोठा माणूस आणायचा कुठून? म्हणून हे काम लाकडी संताकडून करून घेत, अशी परंपरा सांगतात. राजकारणावर इतका सोपा यांत्रिक तोडगा दुसरीकडे क्वचितच दिसेल. शेजारी मध्ययुगीन राजवस्त्रांचं संग्रहालय आहे. राजघराण्याच्या कबरींतून निघालेले कपडे तिथे मांडले आहेत.

परत येताना वेळ उरला, किंवा मेकॅनिकचा ‘आज नाही होत’ असा निरोप आला, तर नदीपलीकडचं मानवी उत्क्रांतीचं संग्रहालय बघावं. ते 2010 मध्ये उघडलं. बुर्गोसच्या पूर्वेला आतापुएर्काच्या डोंगरात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी खाणीच्या रेल्वेसाठी खंदक कापला आणि त्यात जीवाश्मांनी भरलेल्या गुहा उघड्या पडल्या. तिथे सापडलेली पाच क्रमांकाची कवटी, लाडाचं नाव मिगेलोन, सुमारे 4 लाख 30 हजार वर्षांपूर्वीची. ती या संग्रहालयात मूळ स्वरूपात आहे. लालसर क्वार्टझाइटची ‘एक्सकॅलिबर’ हातकुऱ्हाडही तिथेच. कामिनो आतापुएर्का गावातूनच जाते, पण उत्खननाची जागा आधी नोंदणी करून मार्गदर्शकाबरोबरच पाहता येते, त्यामुळे सायकलवाले ती ओलांडून येतात. दोन दिवस अडकलात तर तिथली एक फेरी आणि शहराबाहेरचा मिराफ्लोरेसचा कार्थुसियन मठ एवढं सहज होतं.

किल्ल्याची टेकडी मात्र पायी चढू नका, ती सायकलसाठी राखून ठेवा. किल्ला 1813 मध्ये माघार घेणाऱ्या फ्रेंचांनी सुरुंग लावून उडवला (त्या धक्क्यानं कॅथीड्रलच्या रंगीत काचाही फुटल्या), वर आता तटाचे अवशेष आणि शहराचा देखावा आहे. सायकल ताब्यात घेतली की पैसे देण्याआधी चाक फिरवून बघा, ब्रेक दाबा, सगळे गिअर दोनदा बदला. मग पॅनिअर अडकवा आणि टेकडीचा चढ घ्या. ओझ्यासकट चढावर चेन घसरली, किंवा उतारावर ब्रेक मऊ लागला, तर खाली शहरात दुकान उघडं आहे. हीच चाचणी दुसऱ्या दिवशी ओर्निय्योस गावाच्या पुढे झाली तर परत फिरायला वीस किलोमीटर.

नवे स्पोक बसवले असतील तर ते पहिल्या चाळीस-पन्नास किलोमीटरमध्ये जागा धरतात आणि थोडे सैल पडतात. बुर्गोसहून कास्त्रोहेरिथ साधारण तेवढ्याच अंतरावर आहे. तिथे पाणी प्यायला थांबाल तेव्हा एकाच बाजूचे जवळजवळचे दोन-दोन स्पोक चिमटीत धरून दाबून बघा. एखादा ढिला लागला तर निपल पाव वळसा आवळा, जास्त नको. लगेच पुढे मोस्तेलारेसचा सुमारे 12 टक्क्यांचा चढ आहे.

आपले,
काही सायकलस्वार वाचक,
पुणे